मुंगूस, उंदीरमारी आणि डोंगरावरचा समुद्रपक्षी

मा. संपादक,

पंचवटीतल्या आमच्या लहानपणी मुंगूस दिसलं की पोरं ओरडायची, ‘मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!’ ते वळून बघायचंही. (शपथेमुळे की आरडाओरड्यामुळे, रामच जाणे.) तोंड दिसलं की दिवस चांगला. हवाई बेटांवर मात्र आपल्या या मुंगसाचं तोंड कुणालाच नको झालंय.

तिथं हवाईयन पेट्रेल नावाचा समुद्रपक्षी आहे, स्थानिक नाव ‘उआउ’. पोटासाठी थेट अलास्काकडच्या समुद्रापर्यंत जाणारा हा पक्षी अंडं घालायला मात्र डोंगर चढतो. माउई बेटावरचा हालेआकाला हा ज्वालामुखी ३०५५ मीटर उंच, आपल्या कळसूबाईच्या दुपटीला जरासाच कमी. त्याच्या उतारावर खडकांच्या आडोशाला बीळ, वर्षाला एकच अंडं आणि ये-जा सगळी रात्रीची. बिळाशी चार पायांवर येणारा शत्रू त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना माहीतच नव्हता. माणसांबरोबर उंदीर आले, मांजरं आली. पुढे कोलकात्याहून १८७२ साली जमैकाला नेलेल्या मुंगसांची पिलावळ १८८३ साली हवाईत आणली गेली, उसातले उंदीर मारायला. उंदीर काही संपले नाहीत, पण मुंगसांना बिळातली अंडी-पिल्लं आयती मिळाली. १९६७ पासून हा पक्षी अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. आता डोंगरावर सापळे लावून त्याला जपावं लागतंय.

हे सगळं आठवलं ते आपल्याकडच्या वृक्षारोपणाचे फोटो पाहून. हौसेनं डोंगर चढलेल्या मंडळींच्या हातात रोपं कसली, तर गिरिपुष्पाची! हे झाड मुळात मध्य अमेरिकेतलं आणि मराठीत त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. म्हणजे उंदरांवरचा परदेशी इलाज डोंगरावर नेऊन सोडायचा प्रकार आपल्याकडेही चालू आहेच. ते कसल्याही जमिनीत झपाट्यानं वाढतं, तेव्हा लावणाऱ्याची सोय होते. पण नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराचं नाव मिळालेली कंदीलपुष्पाची जात, सेरोपेजिया अंजनेरिका, तिथल्या उघड्या पठारावर गवतात वाढते. आपण त्या पठाराला ओसाड म्हणतो आणि कुदळ घेऊन निघतो.

पुढच्या पावसाळ्यात खड्डे खणण्याआधी संबंधितांनी रोपांची यादी जाहीर करावी. अंजन, हिरडा, जांभूळ, उंबर ही इथलीच झाडं आहेत, तीही पायथ्याला लावावीत. पठारं तशीच मोकळी सोडावीत.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक