धर्मग्रामातील रोजगार मदत गटास अनावृत आभारपत्र

आदरणीय काका आणि आपल्या धर्मग्रामातील संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे (गरजूंना मदत करणारी कॅथलिक संस्था) सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत) चर्चतर्फे धान्याच्या पिशव्या वाटल्या गेल्या, औषधे घरपोच झाली, रुग्णांसाठी गाड्यांची सोय झाली. या कामांची दखल वेळोवेळी घेतली गेली आणि त्याबद्दल आभारही मानले गेले, ते योग्यच झाले. परंतु त्याच काळात नोकऱ्या गेलेल्या माणसांसाठी आपण मोजक्या मंडळींनी जे काम केले, त्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. आपले नाव छापलेले आपल्याला आवडत नाही हे ठाऊक असल्यामुळे ते येथे घेत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आता केवळ बागायती वाडीवर घर चालत नाही. घरटी एखादा माणूस हॉटेलात, विमानतळावर, जहाजावर किंवा अंधेरी-वांद्र्याच्या कचेरीत असतो, आणि नेमके हेच व्यवसाय मार्च २०२० मध्ये सर्वांत आधी बंद पडले आणि सर्वांत शेवटी उघडले. त्यात लोकल बंद झाली. १५ जूनला ती पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती, आणि सर्वसामान्य प्रवाशांना ठरावीक वेळांत का होईना डब्यात पाऊल ठेवायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडले. ज्यांची नोकरी कागदावर टिकली होती, त्यांनाही कामावर पोहोचणे अशक्य झाले. मी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात बँक्वेटच्या स्टोअरमध्ये होतो. लग्ने आणि परिषदा थांबल्या, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीस आमच्या विभागातील बहुतेकांना घरी बसावे लागले.

काका, आपण भेटल्यावर पहिल्यांदा काय विचारलेत, ते मी विसरणार नाही. मागील पगाराच्या स्लिपा आहेत का, यूएएन क्रमांक (भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, कायम क्रमांक) चालू आहे का, कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे कार्ड कुठे ठेवले आहे, असे आपले प्रश्न होते. नोकरी गेलेल्या माणसाकडे सहानुभूतीने पाहणारे पुष्कळ असतात, पण त्या सहानुभूतीने तो अधिकच संकोचतो. आपण आयुष्यभर एका कारखान्यात पगारपत्रके तयार केलीत, त्यामुळे आमच्या पगारातून कापले गेलेले पैसे कुठे जातात आणि कोणत्या वाटेने परत मिळतात, हे आपल्याला पाठ होते. आम्ही काही मागायला आलेलो नसून आमच्याच कष्टाचा हिशेब करायला बसलो आहोत, असे आपल्याशी बोलताना वाटे, आणि त्या दिवसांत त्या वाटण्याची फार गरज होती.

मार्चअखेर केंद्र सरकारने भविष्य निर्वाह निधीतून परत न करण्याची उचल घेण्याची मुभा दिली होती. तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील ७५ टक्के रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती. ऐकायला सोपे, पण आपल्या लोकांचे अर्ज नावापाशी अडत. आधारवर डी आणि सोझा यांच्यामध्ये जागा सोडलेली, पीएफच्या नोंदीत मध्ये स्वल्पविरामासारखे चिन्ह, बँकेच्या पासबुकात दोन्ही जोडून लिहिलेले. कुणाच्या नावात बापाचे नाव आहे, कुणाच्या नाही. दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर तेव्हा मालकाची सही लागे आणि कंपनीचे कार्यालय कुलूपबंद. आपण एकेका कंपनीच्या लेखा विभागातील माणसाचा फोन शोधून काढलात, फॉर्म आधीच भरून पाठवलात, जेणेकरून समोरच्याला फक्त सही-शिक्का करून स्कॅन करणे तेवढे उरावे. जन्मतारखेचा फरक तीन वर्षांच्या आत असेल तर आधारच्या पुराव्यावर ती दुरुस्त होईल, असे एप्रिलमध्ये निघालेले परिपत्रक आपण मोबाइलवर जपून ठेवले होते आणि गरज असेल त्याला वाचून दाखवत होता.

ऑगस्टमध्ये कर्मचारी राज्य विमा महामंडळाने नोकरी गेलेल्या विमाधारकांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतील मदत सरासरी वेतनाच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली आणि तीही २४ मार्चपासून लागू धरली. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे आमच्यासारखे किती तरी जण या विम्यात होते, पण दवाखान्यापलीकडे त्याचा उपयोग असतो हे आम्हांला माहीत नव्हते. किमान दोन वर्षांची विमाधारक नोकरी, लगतच्या कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी, जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत, आणि अर्ज मालकामार्फत न करता थेट शाखा कार्यालयात करण्याची सोय. हे सारे आपण मराठीत एका पानावर लिहून काढलेत आणि ते पान शाळेच्या ओसरीवर ठेवलेल्या टेबलाच्या काचेखाली लावलेत. त्या मदतीने माझ्या घरचे वीजबिल आणि मुलीच्या शाळेची फी भागली.

पैशांची ही व्यवस्था झाली, तरी माणसाला काम लागते. या बाबतीत आपण जे ओळखलेत ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते. मे महिन्यात श्रमिक रेल्वेने परप्रांतीय कामगार मोठ्या संख्येने गावी गेले होते, आणि वालीव, गोखिवरे, सातिवली येथील कारखान्यांचे गाळे उघडल्यावर तिथे माणसे कमी पडत होती. लोकलशिवाय, एसटीने किंवा दुचाकीने पोहोचता येईल असा रोजगार आपल्याच तालुक्याच्या पूर्वेला उभा होता. आपण एका वहीत दोन याद्या केल्यात. पहिलीत काम शोधणारे, त्यांना काय येते, कुठवर जाता येईल, किती पगारात भागेल. दुसरीत आपल्याच धर्मग्रामातील अशी माणसे, जी कुठल्या ना कुठल्या गाळ्यात, गोदामात किंवा दवाखान्यात नोकरीला होती आणि जागा रिकामी झाल्याचे ज्यांना आधी कळे. वर्षानुवर्षे एका बाकावर बसून मिस्सा (चर्चमधील उपासना) ऐकणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांची ही माहिती नव्हती.

माझा बायोडेटा आपण तीनदा परत पाठवलात. मी त्यात पद आणि हॉटेलाचे नाव तेवढे लिहिले होते. आपण समोर बसवून विचारलेत, सकाळी पोहोचल्यावर पहिले काम कोणते, मग कोणते. आलेला माल चलनाशी ताडून उतरवून घेणे, आधी आलेला माल आधी काढणे, किचनच्या मागणीपत्राप्रमाणे वाटप करणे, महिनाअखेरीस साठा मोजून फरक लिहून देणे, असे एकेक काम आपण माझ्या तोंडून काढून घेतलेत आणि तेच क्रमाने लिहायला लावलेत. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकाने तो कागद वाचला तेव्हा त्याला हॉटेल दिसले नाही, स्टोअरकीपर दिसला. आज मी तिथेच आहे.

जहाजावर किंवा आखातात नोकरी लावून देतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांपासून आपण तरुणांना वाचवलेत, तेही येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. जहाजावरील भरतीसाठी एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि तो उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेऊ शकत नाही, हे आपण प्रत्येक मुलाला आणि विशेषतः प्रत्येक आईला सांगितलेत, कारण दागिने गहाण ठेवायला तीच आधी तयार होते.

राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडली. त्याआधीचे सर्व महिने आपले देऊळ, म्हणजे चर्च, बंद असताना शाळेची ओसरी मात्र चालू होती, आणि तिथे येणाऱ्याला आपला धर्मग्राम कोणता हे विचारले जात नव्हते. स्टेशनजवळच्या इमारतींतील कोकणातली, घाटावरची भाडेकरू मंडळी माझ्याच बरोबर रांगेत असत. फादरांनी ओसरीची किल्ली आपल्या स्वाधीन केली आणि नंतर कधी कशाचा हिशेब मागितला नाही, त्याबद्दल त्यांचेही आभार.

वसईत हे नवे नाही, असे आपण एकदा म्हणाला होता. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धर्मगुरू मोन्सेन्यूर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये बॅसिन (म्हणजे वसई) कॅथलिक बँक सुरू केली, त्या वर्षीही साथ होतीच. मला मात्र आपले काम अधिक कठीण वाटते, कारण बेकार माणूस आपली अडचण सहसा बोलून दाखवत नाही, आणि जो बोलत नाही त्याच्यापर्यंत पोहोचायला आपण संध्याकाळी आळीआळीने फिरलात, त्याच्या घरच्यांसमोर नव्हे तर कुंपणाबाहेर त्याला गाठून विचारलेत.

आता एक विनंती. ती वही बंद करू नये. गाळे पुन्हा भरले आणि हॉटेलेही उघडली, तरी नोकऱ्या जाणे थांबलेले नाही आणि दुसरी यादी दर काही महिन्यांनी जुनी होते. गोखिवरे आणि वालीव येथील गाळ्यांची पाने अद्ययावत ठेवण्याचे काम मी अंगावर घेतो. आमच्या कारखान्यातील लेखापालांनी पीएफच्या अर्जांसाठी महिन्यातील एक रविवार देण्याचे कबूल केले आहे. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही दोघे ओसरीवर येऊ. कोणती पाने आधी पाहायची, तेवढे आपण सांगावे.

आपला कृतज्ञ,
आपल्याच धर्मग्रामातील एक स्टोअरकीपर
वसई