सुरी तुटली ती गैरवापराने नव्हे : हमी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : सर्व्हायव्हल सुऱ्यांमधील निर्मितीदोष व रचनादोष, आणि ‘गैरवापर’ म्हणून नाकारलेली हमी

महोदय,

आमच्या गिर्यारोहण संस्थेने बचाव साहित्यासाठी आपल्याकडून पोकळ मुठीच्या, काळ्या पात्याच्या 8 सर्व्हायव्हल सुऱ्या घेतल्या. त्यांतल्या 2 तुटल्या आणि 3 सुऱ्यांची धार पहिल्याच वापरात दुमडली. तुटलेल्या तुकड्यांचे फोटो पाठवल्यावर आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले : पाठीवर ठोकून लाकूड फाडणे हा सुरीचा गैरवापर आहे, म्हणून हमी लागू नाही.

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आपल्याच खोक्यावर सुरी ओंडक्यावर ठेवून वरून सोट्याने ठोकत असल्याचे चित्र आहे, आणि आतल्या माहितीपत्रात ‘जळण फाडणे’ हा पहिला उपयोग दिला आहे. दोन्ही वेळा लाकूड मनगटाएवढ्या जाडीचे, वाळलेले, बिनगाठीचे होते आणि ठोकायला लाकडी सोटा होता. दगड किंवा हातोडी नव्हती. तरीही आमच्या शब्दावर विश्वास ठेवा असे आम्ही म्हणत नाही. तुटलेल्या तुकड्यांवर जे दिसते तेवढेच पाहा.

पहिली सुरी पाठीवरच्या करवतीच्या एका दाताच्या बुडाशी आडवी तुटली. त्या तुटीचा पृष्ठभाग दोन रंगांचा आहे. दाताच्या बुडापासून सुमारे 2 मिलिमीटर आतपर्यंत तो काळा आहे आणि उरलेला लख्ख करडा. हा काळा रंग गंज नव्हे. तो बोटाला लागत नाही, पुसला जात नाही, आणि पात्याच्या बाहेरच्या काळ्या मुलाम्याशी तंतोतंत जुळतो. मुलामा आपल्या कारखान्यात चढवला जातो. तो तड्याच्या आत पोचला, याचा अर्थ तडा मुलाम्याच्या आधीचा आहे. सुरी खोक्यात भरली तेव्हाच तडकलेली होती. ज्याने ती पुढे वापरली त्याच्यावर गैरवापराचा ठपका ठेवण्यापूर्वी आपल्या तपासनिसाने भिंगातून ही एक गोष्ट पाहायला हवी होती.

तडा कसा पडला असेल, हे पोलादाचे काम करणाऱ्या कोणालाही सांगता येईल. आपण 1095 पोलाद वापरल्याचे लिहिले आहे आणि ते खरे आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये केलेल्या तपासणीत कार्बन 0.96 टक्के निघाला. हे साधे, उच्च कार्बनचे, चांगले पोलाद आहे. मात्र त्याला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करताना, ते सुमारे 800 अंश सेल्सिअसला नेऊन तेलात फार झपाट्याने गार करावे लागते. त्या क्षणी पात्याचा जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने गार होतात, आतून ताण येतो, आणि तो ताण जिथे टोकदार खाच असेल तिथे एकवटतो. आपण पाठीवर अशा 14 खाचा पाडल्या आहेत आणि एकीच्याही बुडाला गोलाई नाही. पाणी देण्याआधी पाठीवर टोकदार खाचा पाडल्या की तड्याला जागा तयारच असते.

त्यात भट्टीचे तापमानही सांभाळले गेलेले नाही. तुटीचा करडा भाग जाड साखरेसारखा चमचमतो. नीट तापवलेल्या 1095 ची तूट मैद्यासारखी बारीक आणि मंद दिसते, वेगळा दाणा डोळ्याला कळत नाही. दाणा मोठा झाला म्हणजे पोलाद गरजेपेक्षा जास्त तापवले गेले किंवा फार वेळ तापत ठेवले गेले. असे पाते कानशीला कडक लागते, पण फटका सहन करत नाही.

कडकपणाचे आकडेही हेच सांगतात. आपण 58 रॉकवेल सी (कडकपणा मोजण्याचे माप, आकडा जितका मोठा तितके पोलाद कडक) छापले आहे. आठही सुऱ्यांच्या पात्याच्या सपाट भागावर मोजले तेव्हा सर्वांत कमी 54 आणि सर्वांत जास्त 63 आले. 63 हा आकडा याच तुटलेल्या सुरीचा आहे. पाणी दिल्यावर 1095 साधारण 65-66 पर्यंत जाते आणि काचेसारखे ठिसूळ असते. मग 200 ते 230 अंशांवर तास-दोन तासांच्या दोन फेऱ्यांनी टेंपरिंग करून त्याला चिवटपणा द्यायचा असतो. 63 वर राहिलेल्या पात्याचे टेंपरिंग अर्धवट झालेले आहे. एकाच खेपेत 9 अंकांचा फरक येतो तेव्हा भट्टीत सगळीकडे सारखी उष्णता नाही, किंवा पाती एकावर एक रचून भाजली जातात. यातले नेमके काय घडते ते आपल्या कारखान्यात पाहिल्यावरच कळेल, आणि ते पाहणे आपले काम आहे.

दुसरी सुरी मुठीपाशी तुटली. हा दोष भट्टीचा नाही, आराखड्याचा आहे, म्हणून तो आपल्या प्रत्येक सुरीत आहे. पाते 38 मिलिमीटर रुंद आणि 5 मिलिमीटर जाड आहे. गार्डच्या, म्हणजे पाते आणि मूठ यांमधल्या आडव्या पट्टीच्या, मागे मात्र त्याला फक्त 6 मिलिमीटरचा आट्यांचा रॉड वेल्ड केला आहे आणि तो मुठीत नटने आवळला आहे. पात्याच्या छेदाचे क्षेत्रफळ 190 चौरस मिलिमीटर, आणि 6 मिलिमीटरच्या आट्यांच्या रॉडचे उपयोगी क्षेत्रफळ जेमतेम 20. वाकवणाऱ्या जोराला तोंड देण्याची ताकद तर पात्याच्या रुंदीच्या दिशेने जवळपास शंभरावा हिस्सा उरते. सोट्याचा प्रत्येक ठोका पात्याच्या टोकाकडे बसतो आणि त्याची तरफ नेमकी याच ठिकाणी येते. त्यातून वेल्डिंग. इतक्या कार्बनचे पोलाद आधी न तापवता वेल्ड केले की सांध्याला लागून पुन्हा कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो. आमचा तुकडा त्या पट्ट्यातच, वेल्डच्या कडेने सरळ तुटला आहे. रॉड वाकलेलासुद्धा नाही.

पोकळ मुठीत काड्या, गळ आणि दोरा ठेवता येतो हे आपल्या जाहिरातीचे मोठे आकर्षण आहे. पण खिशातल्या डबीत मावणाऱ्या चार वस्तूंसाठी सुरीचा कणाच काढून टाकणे हा सौदा ग्राहकाच्या जिवावरचा आहे. पावसाळ्यात घळीत अडकलेल्या माणसाच्या हातात ही एकच वस्तू असू शकते. मूठ एका हातात आणि पाते दुसरीकडे उडालेले, ही वेळ कोणावरही येऊ नये म्हणून एवढे सविस्तर लिहीत आहोत.

कोकणातला किंवा देशावरचा लोहार जुन्या गाडीच्या कमानपाट्यापासून कोयता घडवतो. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के, म्हणजे आपल्यापेक्षा कमी, पण चिवटपणा जास्त. शिवाय तो पाणी फक्त धारेला पाजतो आणि पाठ मऊ ठेवतो, म्हणून कोयता वाकेल, धारेला दाते पडतील, पण सहसा मोडून पडणार नाही. मुठीत जाणारा भाग पात्याच्याच अखंड लोखंडाचा असतो. आपल्याला नवे काही शोधायचे नाही, एवढेच यातून सांगायचे आहे.

धार दुमडण्याचे कारण वेगळे आहे. त्या तीन सुऱ्यांच्या टोकाजवळ, उघड्या धारेच्या उतारावर निळसर पट्टा दिसतो. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग सुमारे 300 अंशांना येतो, म्हणजे शेवटी यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर कोरडी धार लावताना टोक जळाले आणि तिथले पाणी उतरले. ओल्या दगडावर सावकाश घासून कडेचे सुमारे 1 मिलिमीटर काढल्यावर त्याच सुऱ्या व्यवस्थित धार धरतात. आतले पोलाद ठीक होते, शेवटच्या दोन मिनिटांत ते बिघडवले गेले. उपाय सोपा आहे : नवा घासपट्टा, कमी दाब, दर वेळी पाण्यात बुडवणे, आणि बोटाला चटका बसला तर थांबणे.

करवतीबद्दल आणखी एक. सुताराच्या करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले असतात, त्यामुळे पाते अडकत नाही. आपले दात सरळ रेषेत आहेत. अंगठ्याएवढी फांदीही अर्ध्यावर अडकते. म्हणजे तडा देणारी ही करवत कापायच्याही उपयोगाची नाही. सपाट, काटकोनी कडेची पाठ ठेवली असती तर फेरो रॉडवर (आग पेटवायच्या घासकांडीवर) ठिणगी पाडायला आणि ठोकायला, दोन्हींना चालली असती.

आमच्या मागण्या अशा आहेत. आठही सुऱ्यांची पूर्ण रक्कम परत द्यावी. बदली नको, कारण त्याच आराखड्याची दुसरी सुरीही तशीच तुटेल. या खेपेच्या इतर खरेदीदारांना, पाठीवर ठोकू नये आणि सुरी परत करावी, असे लेखी कळवावे. पुढच्या मालात मुठीच्या टोकापर्यंत एकाच पोलादाची पट्टी असावी, पाते जिथे मुठीत शिरते तिथला आतला कोपरा गोल असावा, आणि मुठीच्या आतला भाग किती लांब व किती रुंद आहे याचे रेखाचित्र खोक्यावर छापावे. कडकपणा एका आकड्यात न देता खेपेत प्रत्यक्ष मोजलेल्या मर्यादेत द्यावा. लाकूड फोडण्याच्या 1095 सुरीला 56 ते 58 पुरेसे आहे. हे जमणार नसेल तर खोक्यावरचे ‘सर्व्हायव्हल’ आणि ठोकण्याचे चित्र काढून टाकावे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार निर्मितीदोष आणि आराखड्यातला दोष या दोन्हींसाठी उत्पादक जबाबदार असतो, आणि वस्तू छापील हमीप्रमाणे नसेल तेव्हाही तो जबाबदार असतो. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही आमच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

तुटलेले तुकडे आम्ही घासलेले किंवा साफ केलेले नाहीत. तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवले आहेत. आपल्या तज्ज्ञाने येऊन भिंगाखाली पाहावेत. तुकडे कुरिअरने पाठवणार नाही. बिलाची प्रत, कडकपणाच्या नोंदी आणि तुटीचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपले,
साहित्य समितीचे सदस्य