बाल्कनच्या लग्नातला बँड एका ओळीत उरकू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत लग्नातल्या डीजेवर लेख वाचला, त्यात बाल्कनच्या, म्हणजे आग्नेय युरोपातल्या, ब्रास बँडचा एका ओळीत उल्लेख होता, 'जिप्सी संगीत' म्हणून. ते वाजवणाऱ्या लोकांपैकी बऱ्याच जणांना जिप्सी म्हटलेलं आवडत नाही हो, ते स्वतःला रोमा म्हणवतात.

मुलगा व्हिएन्नाला असतो, त्याच्या मित्राचं लग्न दक्षिण सर्बियात व्रान्येला होतं म्हणून आम्ही नवराबायकोही गेलो. नवरीच्या दारापासूनच रोमा बँड सोबत, ट्रम्पेटं आणि हा मोठ्ठा ढोल. तुर्की लष्करी बँडवरून हा प्रकार तिकडे रुजला म्हणतात, पण हॉलमध्ये स्टेजबिज काही नाही, टेबलापाशी येऊन अगदी कानाशी वाजवतात आणि एखादा काका खूश झाला की नोट सरळ वाजवणाऱ्याच्या घामेजल्या कपाळावर चिकटवतो, मग गाणं संपतच नाही. मला वाटतं ही गाणी टिकली ती यामुळेच, पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांच्या लग्नात वाजवून पोट भरणाऱ्यांनी ती घडवलीयत, कोणता पाहुणा कधी उठणार हे त्यांना बरोब्बर कळतं.

चोचेक नाचाचा एक ठेका नऊ मात्रांचा, एक-दोन, एक-दोन, एक-दोन आणि मग एक-दोन-तीन. मी टाळ्या वाजवायला गेलो आणि दरवेळी शेवटच्या तीनला आपटलो, बायकोनं मात्र लगेच पकडला (ती लहानपणी तबला शिकलीय, असो).

मग शेजारच्या उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येच्या रोमा गायिका एस्मा रेजेपोवाचं गाणं वाजवलं. बाई २०१६ला गेल्या, गाणं साठच्या दशकातलं, तरी नवरीच्या आजीपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे उठले. ह्याच एस्माबाई १९७६ला चंदीगडच्या रोमा महोत्सवात येऊन गेल्या होत्या, हे आपल्याकडे किती जणांना माहितीय?

बँडला जेवायला मागच्या दाराजवळचं टेबल होतं, आपल्याकडच्या बँडवाल्यांसारखंच. तिथे ढोलवाला वेटरकडे नाही, शेजारच्या पोराकडे 'पानी' मागत होता, मी चमकून बघितलं तर हसून बोटं मोजून दाखवायला लागला, येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. ह्या लोकांच्या रोमानी भाषेचं मूळ भारतातलं हे पुस्तकात वाचलेलं, पण असं समोर ऐकल्यावर काटा आला अंगावर.

तर पुढच्या वेळी ह्या लोकांना एक ओळ नको, निदान अर्धं पान तरी द्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे