लादी फोडण्याआधी तपासणी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थीपूर्वी रंगकाम काढले की भिंतीवरची ओल डोळ्यांत भरते आणि घाईघाईने प्लंबरला बोलावले जाते. आलेला माणूस पाणी कुठून येते हे न पाहताच छिन्नी-हातोडा काढत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

ओलीचा उगम शोधायला महागडे यंत्र लागत नाही. रात्री टाकीत येणारे पाणी आणि फ्लशखालचा अँगल कॉक बंद करावा, टाकीतल्या पातळीला खूण करावी आणि सकाळपर्यंत एकही नळ उघडू नये. पातळी उतरली तर बहुधा पुरवठ्याची पाइप गळते आहे. ती जागेवरच राहिली, तर न्हाणीचा ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) कोरड्या कापडाने घट्ट बुजवून फरशीवर दोन इंच पाणी २४ तास साठवावे. त्यावर खालच्या छताला ओल आली तर दोष लादीखालच्या वॉटरप्रूफिंगचा किंवा ट्रॅपभोवतीच्या सांध्याचा. फरशी कोरडी ठेवून थेट ट्रॅपमध्ये ओतलेल्या पाण्याने ओल आली, तर दोष निचऱ्याच्या पाइपचा. आणि ओल फक्त पावसात, नैऋत्येचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर दिसत असेल, तर ते बहुधा प्लंबरचे काम नाहीच. भिंतीचा जांभ्या दगडाचा चिरा सच्छिद्र असतो; पाणी शिरते एकीकडे, डाग उमटतो दुसरीकडे. ‘हे गवंड्याचे काम आहे’ असे सांगून परत जाणारा प्लंबर पुढच्या वेळीही बोलवावा.

अंदाजपत्रक लेखी घ्यावे, मजुरी व साहित्य वेगळे दाखवलेले. साहित्यात फसगत सहज होते. निचऱ्याच्या एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी व पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या) पाइपमध्ये ‘टाइप ए’ पावसाचे पाणी व हवेची नळी यांसाठी असतो, संडास-न्हाणीसाठी जाड भिंतीचा ‘टाइप बी’ लागतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पाइपवर छापलेला प्रकार आणि आयएस १३५९२ हा मानक क्रमांक स्वतः वाचावा. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपचे सांधे चिकटवायला तिचेच सोल्युशन हवे; साध्या पीव्हीसीचे लावले तर सांधा पुढे उष्णतेने सुटतो. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचे फिटिंग घ्यावे. प्लास्टिकचे आटे पान्याने जरा जास्त आवळले की बारीक तडा जातो, आणि तो कळतो लादी बसल्यानंतर. किनारपट्टीच्या गावांत लोखंडी क्लॅम्प खाऱ्या हवेने लवकर गंजतात, तिथे स्टेनलेस स्टीलचेच मागावेत.

भिंतीत पाइप बुजवण्याआधी दाबाची चाचणी झालीच पाहिजे. सोल्युशन सुकायला २४ तास द्यावेत. मग नळांच्या जागी प्लग लावून, गिझर न जोडता, हातपंपाने ६ किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब भरावा आणि दाबमापकाचा काटा उतरतो का, यावर दोन तास लक्ष ठेवावे. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम १ किलो असतो, त्यामुळे ही चाचणी पार केलेली लाइन रोजचा दाब सहज पेलते. त्याच वेळी कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना किंवा ड्रिल मारताना ते फार कामाला येतात.

निचऱ्याला ४० फुटांत साधारण एक फूट उतार हवा.

न्हाणीतून दुर्गंधी येते म्हणून ट्रॅप बदलायला सांगितले तर आधी एक बादली पाणी ओतून पाहावे. ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी कायम असावे लागते, वास तेच अडवते. घरची माणसे मुंबईला किंवा परदेशात असतात, घर महिनोन्‌महिने बंद राहते आणि ते पाणी सुकून जाते. एवढ्यासाठी लादी उखडायला लावणारे पाहिले की फार वाईट वाटते.

काम संपल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत. बिलावर साहित्याची कंपनी, माप आणि मजुरीच्या हमीची मुदत लिहून घ्यावी. आणि पैशांचा शेवटचा हप्ता घरमालकासमोर दाबाची चाचणी झाल्यावरच द्यावा, हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे.

आपला,
नळकाम क्षेत्रातील एक वाचक, फोंडा