‘सूत्रां’ची नावे संपादकाला तरी ठाऊक असावीत

महोदय,

मंत्रालय आणि विधान भवनाच्या बातम्या अलीकडे ‘सूत्रांनी सांगितले’ याशिवाय पुढे सरकत नाहीत. मंत्रिमंडळ विस्ताराचे तर पंचांगात नसतील इतके मुहूर्त आम्ही वाचले! सूत्राचे नाव वाचकाला कळू नये, हे मान्य. पण ते संपादकाला माहीत असते का? राजकीय बातमीदाराने रात्री बातमी दिल्यावर ‘हे कोणी सांगितले, त्याचा यात फायदा काय, कागद आहे का’ असे विचारणारा संपादक त्याला त्या क्षणी नकोसा वाटेल. दुसऱ्या दिवशी मंत्र्याचा फोन आला की मात्र तोच त्याच्या उपयोगी पडतो. आधी खोदून विचारलेले असेल तरच फोनवर ठाम राहता येते.

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ज्या पत्रांवर विसंबून लिहिले, ती बनावट ठरली होती. दोघेही संपादक. शिक्षा त्यांनीच भोगली.

आजही कायद्याने मजकूर निवडीची जबाबदारी संपादकावर असते. तेव्हा एवढेच करावे: सूत्र पक्षातले, मंत्री कार्यालयातले की प्रशासनातले, हे बातमीत लिहावे. आणि अंदाज चुकला तर खुलासा त्याच पानावर, त्याच जागी छापावा. आतल्या पानावर निविदा सूचनांशेजारी नको.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई