विषय: वॉटरजेटच्या हाय प्रेशर लाइनबाबत तुमच्या सर्व्हिस डेस्कने दिलेला जीवघेणा सल्ला

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख,

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधलं तुमचं वॉटरजेट मशीन (पाण्याच्या झोताने कापणारं) मी बंद ठेवलं आहे. कटिंग हेडकडे जाणाऱ्या हाय प्रेशर लाइनच्या एल्बोवर वीप होलमधून, म्हणजे जॉइंटवरच्या बारीक भोकातून, पाणी टपकतंय. तक्रार नोंदवली, फोटो-व्हिडिओ पाठवले. तुमचा माणूस महापेपर्यंत येऊन परत गेला, आमच्याकडे फिरकला नाही.

आज दुपारी सर्व्हिस डेस्कवरून फोन आला. "मशीन चालू ठेवूनच ग्लँड नट अर्धा फेरा आवळा, थेंब थांबेल." मी म्हटलं, लाइनमध्ये प्रेशर असताना नटाला पाना लावू नये, हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे. ते चक्क हसले. "अहो साहेब, पुस्तकात सगळंच लिहिलेलं असतं." पुढे म्हणाले, "नाहीच थांबलं तर त्या भोकात एम-सील भरा." ते भोक कशासाठी ठेवलंय, असं मी विचारलं. उत्तर आलं, "पाणीच आहे ना, ॲसिड तर नाही! तुमचा ऑपरेटर नवीन आहे का?"

माझा ऑपरेटर नवीन नाही. तो आधी पंप बंद करून मेन स्विचला कुलूप घालतो, लाइनमधलं प्रेशर उतरवतो, गेज शून्यावर आल्याची खात्री करतो आणि मगच पाना उचलतो. गळती शोधायला पुठ्ठा धरतो, बोट फिरवत नाही. नवीन कोण आहे ते तुम्ही बघा.

आणि हो, पाणीच आहे. ६०,००० पीएसआय प्रेशरचं. बारीक छिद्रातून सुटलं तर हातमोज्यासकट कातडी भेदून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मांस फाटलेलं असतं आणि माणसाला ताबडतोब सर्जनकडे न्यावं लागतं. पाइपचं निमुळतं टोक (कोन) आणि ते ज्यात बसतं ती सीट यांची बैठक बिघडली की पाणी बाहेर पडावं, आट्यांमध्ये प्रेशर कोंडू नये, म्हणून ते भोक असतं. तेच बुजवायला सांगता?

हा जॉइंट तुमच्याच इंजिनिअरने बसवला होता. ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच न वापरता, साध्या पान्याने, अंदाजाने. जास्त आवळला तर कोन चेपतो, हे त्याला कोणी शिकवलंच नाही का? एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे मात्र आगाऊ घेता.

मला प्रशिक्षित माणूस हवा, टॉर्क रेंचसकट. नवीन पाइप, कॉलर आणि ग्लँड नट हवेत, या साइजचा टॉर्क किती ते लेखी हवं. आणि हा सल्ला आणखी ज्या ज्या ग्राहकांना फोनवर दिला असेल, त्यांना तो मागे घेतल्याचं लेखी कळवा. त्यांच्यापैकी कोणी या क्षणी चालू लाइनवर पाना लावून उभा असेल.

माणूस पाठवा, हे पुन्हा सांगतोय. लेखी उत्तर आलं नाही तर कॉलचं रेकॉर्डिंग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे देणार आहे. दुसऱ्या मशीनची ऑर्डरही तुम्हालाच द्यायचं ठरवलं होतं. ती रद्द समजा.

वर्कशॉप मालक, रबाळे, नवी मुंबई