मुंबईत आहेस तर आधी कान्हेरी बघ

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवार आला की तुम्ही मैत्रिणी मरीन ड्राइव्ह नाहीतर मॉल गाठता, असं परवा फोनवर म्हणालीस. मरीन ड्राइव्ह छानच आहे गं. पण बोरिवलीत राहून अजून कान्हेरीची लेणी पाहिली नाहीस, हे ऐकून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत जायला बस मिळते. सकाळीच नीघ, ऊन चढल्यावर कातळ फार तापतो. एकाच डोंगरात शंभरावर लेणी, आणि हे काम जवळजवळ हजार वर्षं चाललं होतं. बरेच जण तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन, बघून, फोटो काढून परततात. तू तेवढ्यावरून मागे फिरू नकोस, वर चढ. पायऱ्या कातळातच खोदल्यात. पावसाचं पाणी वाहून आणणाऱ्या पन्हळी नीट बघ. त्या जिथे उतरतात तिथे जमिनीत खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांना पोढी म्हणतात. लेण्यांपुढे दगडी कट्टे आहेत. चार महिने कोसळणारं पाणी धरून वर्षभर पुरवायचं, हा विचार करून डोंगर कोरलाय. मला तिथल्या मूर्तींहून हे पाणीच जास्त थोर वाटतं.

ओसरीच्या भिंतींवर ब्राह्मी लेख दिसतील. दान देणारे व्यापारी, सोनार, आणि त्यांची गावं कल्याण, सोपारा अशी. सोपारा म्हणजे तुझ्या लोकलवरचं नालासोपारा, त्या काळचं मोठं बंदर. कल्याणचा माल नाणेघाट चढून आपल्या जुन्नरला यायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो रांजण तू पाहिला आहेस. ती वाट खाली कुठे पोचायची, ते तुला आता उमगेल.

पुढच्या रविवारी वसई. पोर्तुगीजांकडून चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये घेतलेला किल्ला. तटाला सुरुंग लावावे लागले, मराठ्यांची माणसं फार पडली. शनिवारवाड्यावरून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी ती जागा डोळ्यांनी पाहायलाच हवी. आत पडक्या चर्चच्या उंच कमानी आहेत, त्यांतून निवांत हिंड. भीमाशंकरच्या देवळापुढची मोठी घंटा या वसईच्या मोहिमेतलीच असं सांगतात.

सीएसएमटीची इमारत तू येताजाता बघतेसच, एकदा पलीकडच्या फुटपाथवरून मान वर करून बघ. घारापुरीला मात्र एकटी जाऊ नकोस. ते त्रिमुख सदाशिवाचं शिल्प तुझ्या आईला कधीचं बघायचंय, आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो. आम्ही डिसेंबरात येतो, तेव्हा गेटवेवरून सगळे मिळून जाऊ. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी सुट्टी काढ, सोमवारी लेणी बंद असतात.

पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नकोस. लोकलच्या दारात उभी राहू नकोस.

तुझे,
बाबा